घाटावरचा माइक

भाषण मला आता ऐकवत नाही. चौकात मंडप दिसला, कोणी माइकवर बोटाने टकटक केली, की मी गल्ली बदलतो. आणि मी कोण? चाळीस वर्षं माइक लावून पोट भरलेला माणूस. शिकलो चौथीपर्यंत, लिहिताना चुकेल तिथे चुकेल. पण हे लिहायला पाहिजे. ज्या बाईबद्दल आहे ती आता बोलायला नाही, आणि तिच्या वतीने बोलणारे फार झाले.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीत वर्धेकडून रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी नोकरीच्या कामाचा निघालो नाही. एका माइकवाल्याकडे तारा गुंडाळायला लागलो आणि तारा गुंडाळता गुंडाळता स्वतःचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आवाज वाढवायची एक मोठी मशीन, एक लहान, चार भोंगे, दोन माइक आणि बॅटरीवर चालणारी एक पेटी, हातात धरून कुठेही नेता येणारी. लग्न, गणपती, भागवत, एवढ्यावर चालत होतं.

मग नवीन राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. लोक म्हणत रस्ते येतील, नोकऱ्या येतील. तेही आले असतील. पण सगळ्यात आधी भाषणं आली. आज इथे भूमिपूजन, उद्या तिथे लोकार्पण, परवा कोणाचा तरी सत्कार. जो काल पंडरीच्या कापडबाजारात गिऱ्हाइकापुढे तागे उलगडत होता तो आज पांढरे कपडे घालून हार गळ्यात. माझ्या दोन मशीनच्या पाच झाल्या. मी खूश होतो, खोटं काहून बोलू.

माइकवाला बसतो स्टेजच्या बाजूला, थोडा मागे, मशीनजवळ. समोरच्या लोकांना बोलणाऱ्याचं तोंड दिसतं. मला पाठ दिसते आणि पाय. एक मोठा माणूस मला आठवतो. आईबद्दल बोलत होता, गळा दाटून आला, बाया पदर डोळ्याला लावून बसल्या, आणि खाली त्याच्या उजव्या पायाचा अंगठा डावी पोटरी खाजवत होता. निवांत. त्या दिवसापासून मी पायच पाहत गेलो.

पाहता पाहता डाव समजले. उभं राहिल्याबरोबर म्हणायचं की मला बोलता येत नाही, मी साधा माणूस. असं म्हणणारा पाऊण तास सोडत नाही. मधेच पाणी प्यायचं; तहान लागली म्हणून नाही, मागचं वाक्य लोकांच्या पोटात उतरावं म्हणून. एक गोष्ट तीनदा म्हणायची आणि तिसऱ्यांदा आवाज खाली घ्यायचा, म्हणजे लोक पुढे वाकतात. ‘त्यांच्या घरातल्या भानगडीबद्दल मी बोलणार नाही’ असं म्हणून भानगड सांगून टाकायची. आणि सगळ्यात पक्का डाव, त्याला मी ‘हो-हो ची शिडी’ म्हणायचो. आधी असे प्रश्न टाकायचे ज्याला नाही म्हणताच येत नाही. आईचं दूध प्यायलो की नाही? हो. या मातीचं खाल्लं की नाही? हो. लोक हो हो करत चार पायऱ्या चढले, की पाचवीवर आपलं काम ठेवायचं. तोंडातून हो च निघतो.

मला वाटायचं हा माझा शोध आहे. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक निवृत्त गुरुजी राहत, संस्कृत शिकवायचे, सकाळी पेपर वाचायला माझ्या दुकानात बसायचे. त्यांना मी ऐटीत हे सगळं सांगितलं. ते हसले.

“अहो, हे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी लिहून ठेवलं आहे. शाळा होत्या याच्या. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला दम, या तिन्हीवर सभा जिंकायची. तुमच्या त्या पाणी पिण्याला, बोलणार नाही म्हणून बोलण्याला, सगळ्याला नावं आहेत. मेलेल्या माणसाला उभं करून त्याच्या तोंडून आपलं म्हणणं वदवायचं, त्यालाही नाव आहे.”

मी म्हटलं, “गुरुजी, हे मेलेल्याचं मात्र मी अजून पाहिलं नाही.”

“पाहाल,” ते म्हणाले.

माझी बायको आतून चहा घेऊन आली होती. ती अमरावतीकडची, सातवीपर्यंत शिकलेली, माझ्यापेक्षा तीन वर्ग पुढे, आणि हे ती मला विसरू देत नसे. तिने कप ठेवला आणि विचारलं, “गुरुजी, त्या तीनात खरं बोलनं कुठं बसते?”

गुरुजी म्हणाले, “वहिनी, तिसऱ्यात बसवता येईल. पण तिसरं एकटं कोणी घेत नाही हो.”

“मंग ते शाळा कायची,” ती म्हणाली आणि आत गेली.

ती तशीच होती. मी सभेवरून आलो की ती विचारायची, काय बोलला? मी तिला सगळं करून दाखवायचो, हात कसा केला, कुठे थांबला, लोक कसे रडले. ती पोळ्या लाटता लाटता ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, “मंग करनार आहे का नाही?” दीड तास ऐकून आलेल्या माणसाला ते माहीत नसायचं.

आता ज्याला मी बोलायला शिकवलं त्याच्याबद्दल. आमच्याच लोकांतला, चार गल्ल्या सोडून राहणारा, तिशीतला माणूस, पंडरीत कापडाचं दुकान. मराठी सगळं समजायचं पण बोलायचा हिंदी. त्याला वॉर्डाची निवडणूक लढवायची होती. पहिल्या सभेत माइकसमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द निघेना. लोक हसले. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसला, तोंड पाडून.

“काका, मेरे से नहीं होता.”

मी त्याला शिकवलं. ही माझी करणी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. स्वयंपाकघराच्या दारात त्याला उभं करायचो, हातात बायकोचं लाटणं द्यायचो, माइक म्हणून. तोंडापासून एक वीत लांब धर. पहिलं वाक्य बोलून थांब, मनात तीनपर्यंत मोज, मग पुढे जा. स्टेजवर चढलास की कोणा म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेव. तो लाटण्यात बोलायचा आणि इकडे तवा तापून धूर निघायचा.

“माह्यं लाटनं देता का,” ती म्हणायची, “का पोळीलेही भाषनावरच फुगाचं आहे?”

“काकू, दो मिनट.”

“तुहे दोन मिनिट मले माहीत आहेत. हे घे, आधी जेव. भुकेल्या पोटानं खोटं बोलू नको, लवकर पकडल्या जाते.”

तो हसायचा, जेवायचा. तिने त्याला कितीदा जेवू घातलं याचा हिशेब नाही. तो गेला की मला म्हणायची, “खोटं बोलाचं असन तं सरळ बोलावं न बावा. एवढी खटपट कायले शिकवून राहिले त्याले?” मी म्हणायचो, तुला नाही समजत, ही कला आहे. कला! तो शब्द आठवला तरी थुंकावंसं वाटतं.

तो निवडून आला.

आमच्या घरासमोर एक मोकळं मैदान आहे. होतं. एक कडुलिंब, एक बोरिंग आणि बाकी उघडी जमीन. उन्हाळा लागला की पाऱ्यातल्या बाया तिथे खाटा आणि साड्या पसरून बड्या म्हणजे सांडगे, पापड, तिळाची बिजौरी वाळवायच्या. मराठी, छत्तीसगढी, एक-दोन ओडिया, सगळ्या एकत्र. माझी बायको त्यांची मुकादम म्हणा. ते सगळं विकायला दुकानांत जायचं, घराघरात त्यावर पोरींची फी निघायची. त्या मैदानावर त्याला भवन बांधायचं होतं. वर हॉल, खाली दुकानं. पाऱ्यातल्या प्रत्येक घराची सहमती पाहिजे म्हणून कागद फिरत होता. बायांनी सांगून टाकलं होतं, काकी सही करेल तर आम्ही करू.

म्हणून तो घरी आला. दुपारची वेळ, ती ओट्यावर पापड लाटत बसलेली, मी बाजूला एक बिघडलेला माइक उघडून बसलेलो. त्याने खुर्ची घेतली नाही, खाली बसला, तिच्या पायाशी. मी मनात म्हटलं, शाबास.

“काकू, मैं तो आपके घर की रोटी खाके बड़ा हुआ. मैं आपको क्या समझाऊँगा.”

“मंग नको समजावू.”

तो हसला, थांबला, तीनपर्यंत. “बरसात में बेटियों की शादी होती है, मंडप टपकता है कि नहीं?”

“टपकते.”

“हॉल रहेगा तो नहीं टपकेगा न?”

“नाही टपकनार.”

मला शिडी दिसत होती, एकेक पायरी. मी मान खाली घालून स्क्रू फिरवत होतो, पण खोटं नाही लिहीत, मला आतून बरं वाटत होतं. चेला चांगला तयार झाला होता.

“तो पारे का भला है न इसमें?”

तिने लाटणं बाजूला ठेवलं. “एक सांग. खाली दुकानं निघनार का नाही?”

“काकू, दुकानें तो छोटी-मोटी…”

“निघनार. मंग पापड कुठं वाळवाचे? हॉलात? पंख्याखाली?”

“काकू, छत पे…”

“छताची चाबी कोनापाशी राहीन?”

त्याने हातातल्या कागदाची घडी केली. तेव्हाही बहुतेक तीनपर्यंत मोजत असेल, पण पुढे काही नव्हतं.

“मंग नाही,” ती म्हणाली. “चहा घेशीन?”

एवढंच. तिच्या तोंडून निघालेलं पूर्ण भाषण हे. मी ऐकलं, त्याने ऐकलं, तिसरं कोणी नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांत तिची तब्येत बिघडली. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात सुरुवात केली, मग मोठ्या दवाखान्यात. किडनी. ते मी लिहिणार नाही, ते माझं आहे. बड्या वाळवायचे दिवस नुकते लागले होते तेव्हा ती गेली.

आमच्या लोकांत एक पद्धत आहे. घाटावर अग्नी दिला की चिता खाली बसेपर्यंत माणसं शेडमध्ये थांबतात आणि एकेक जण उभा राहून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो. शोकसभा. मग दोन मिनिटं मौन, आणि घरी. बायामाणसं घाटावर येत नाहीत, ऐकणारे सगळे पुरुष. पूर्वी नुसत्या तोंडाने बोलायचे. मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून ती बॅटरीची पेटी घाटावर न्यायचं मीच सुरू केलं. पाऱ्यात कोणीही जावो, मी पेटी घेऊन हजर. सेवा समजायचो.

त्या दिवशी पेटी कोणीतरी माझ्या दुकानातून उचलून आणली होती. मला माहीत नव्हतं. मुलाने अग्नी दिला. मुलगा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात आहे, तिथला काळा गर्दा त्याच्या नखांतून कधी जात नाही. त्याच हाताने त्याने दिला. मी शेडच्या पायरीवर बसलो होतो. मागे कोणीतरी पेटी सुरू केली आणि माइकने शिट्टी मारली. कान फाडणारी.

आणि मी उठलो. बायको समोर जळत होती, आणि मी उठून गेलो, पेटीचं बटण मागे फिरवलं, स्टँडचा पेच सैल केला आणि माइक एक वीत खाली घेतला. कारण पुढे तो, माझा चेला, उभा होता आणि तो ठेंगणा आहे. हात आपोआप चालले. चाळीस वर्षांची सवय. माइक त्याच्या तोंडाला बरोबर लावून दिला मी.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेडमधून लोकांचा सुस्कारा ऐकू आला. तो हातही माझाच, मीच शिकवलेला.

“भाइयों, आज मेरे पास शब्द नहीं हैं.”

थांबला. एक, दोन, तीन.

“आप सब सोचते हो मैं बोलता हूँ. मेरे को बोलना किसने सिखाया? जिस बेलन से काकू रोटी बेलती थीं, उसी बेलन को पकड़ के मैंने बोलना सीखा.”

हे खरं होतं. म्हणून तर ते इतकं घाण होतं. आमच्या स्वयंपाकघरातलं खरं उचलून त्याने लोकांसमोर ठेवलं आणि त्याच्या आड पुढचं सरकवलं.

“आज राजनीति की बात नहीं करूँगा. मैदान की बात तो बिल्कुल नहीं करूँगा. बस आखरी मुलाकात में काकू ने जो कहा, वो बताऊँगा. काकू बोलीं, बेटा, मेरा क्या है, आज हूँ, कल नहीं. मेरी जिद छोड़. पारे की बेटियों के लिए भवन बना दे.”

माझ्या मागे गुरुजी उभे होते. ते हळूच म्हणाले, “वहिनींना बोलायला लावलं त्याने.”

“काकू हमारी माँ थीं कि नहीं?”

“थीं.”

“माँ की आखरी बात कोई टालता है क्या?”

“नहीं.”

“तो काकू के नाम से भवन बनेगा कि नहीं? हाथ उठा के बता दो.”

हात वर गेले. सगळे. माझ्या मुलाचाही, जळका, काळा. आणि लगेच त्याने म्हटलं, दो मिनट का मौन. मौनात कोण नाही म्हणणार? सगळे खाली मान घालून उभे, आणि पेटीतून नुसती बॅटरीची गुणगुण. मी माइकचा स्टँड धरून होतो. मी नाही म्हटलं नाही. तिच्यापासून दहा पावलांवर मी गप्प उभा राहिलो. दुःखाने, म्हणतील कोणी. नाही. मला काय करावं ते समजलं नाही आणि सवयीने मी माइक सांभाळत होतो.

दहा-बारा दिवस घरात बसलो. मुलगा समजवायचा.

“बाबा, आई का नाम रहेगा न. हमेशा के लिए.”

“ती नाही म्हणाली होती रे.”

“आपके सामने ही बोला था. और किसने सुना?”

त्याचं चुकत नव्हतं. ऐकणारे दोन, त्यातला एक सगळ्या पाऱ्याला उलटं सांगून बसला होता. लोकांना आता खरं सांगायचं तर माझ्याजवळ काय होतं? मग मी ठरवलं, त्याच्याच डावाने त्याला मारतो. तेरवीला मैदानातच मंडप होता, बाया येणार होत्या, आणि तिथेच कागदावर सह्या व्हायच्या होत्या. मी स्वयंपाकघरात तिचं लाटणं हातात घेतलं आणि बोलून पाहिलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा. शिडीसुद्धा बनवली, पाच पायऱ्यांची. चांगली बनली.

तेरवीला जेवणाआधी मी उठलो आणि माइकजवळ गेलो. पूर्ण आयुष्यात मी माइकमध्ये ‘हॅलो, चेक’ याच्यापुढे काही बोललो नव्हतो.

“मेरे को बोलना नहीं आता. मैं माइकवाला आदमी.”

थांबलो. पुढच्या रांगेत एका बाईला हुंदका आला. लागलं, मी म्हटलं, लागलं.

“मैंने जिंदगीभर दूसरों की आवाज बड़ी की. जिसकी आवाज मेरे घर में थी…”

इथे मी थांबायचं ठरवलं होतं. थांबलो. आणि डोळ्यांत पाणी आलं. मी रुमाल काढला. रुमाल इथेच काढायचा हेही ठरलेलं होतं. बाया रडायला लागल्या, त्याच्या सुद्धा चेहऱ्यावर भीती दिसली. मी जिंकत होतो. तेव्हा माझी नजर खाली गेली, सवयीने, पायाकडे. माझ्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर मोजत होता. एक. दोन. तीन.

मला माझी किळस आली. इतकी, की तिथेच ओकलो असतो. रडणं माझं होतं की डावातलं, मला सांगता येईना. बायको गेली त्याचं रडणं, ते तरी स्वच्छ पाहिजे होतं ना? तेही मी कामाला लावलं होतं. तिने विचारलं असतं, “मंग रडून राहिले का नाही?”

मी वाकून मशीनचं बटण बंद केलं.

माइक गेला तसा मंडपात गलका झाला. पुढे बसलेल्या एका बाईने, माझ्या बायकोबरोबर वीस वर्षं बड्या घालणारीने, तिच्या छत्तीसगढीत विचारलं, “काका, काकी ह हव कहे रिहिस का?” हव म्हणजे हो. काकी हो म्हणाली होती का, एवढंच.

“नाही,” मी म्हटलं. “दुकानं निघतील म्हणून नाही म्हणाली. छताची किल्ली कोणाजवळ राहील विचारलं, याला सांगता आलं नाही. मी तिथेच बसलो होतो. घाटावर बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही.”

हे माझ्या साध्या आवाजात दोन रांगांच्या पुढे गेलं नाही. तिसऱ्या रांगेपासून मागे सगळे विचारत होते, काय म्हणाले, काय म्हणाले?

त्याने पुढे येऊन बटण दाबलं. त्याच्या आवाजात दया होती. “काका बहुत दुखी हैं. हम सब समझ सकते हैं.” मागच्यांनी माना हलवल्या. बस. माझं बोलणं दुःखाच्या खात्यात गेलं, आणि दुःखी माणसाचं म्हणणं कोणी खरं धरत नाही, नुसतं त्याला पाणी देतात. मलाही एकाने पाणी दिलं.

पुढच्या दोन रांगांतल्या बाया उठल्या आणि सही न करता आपापल्या घरी गेल्या. त्यांच्या नवऱ्यांनी सह्या केल्या. कडुलिंब आधी गेला. भवन झालं. वर हॉल, खाली दुकानं. छताला कुलूप आहे. बाया आता बड्या आपापल्या खिडकीच्या गजाला सूप बांधून वाळवतात. वाळतात अर्ध्या, बाकीच्यांना बुरशी येते.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून झाली नाही. भवनाला तिचं नाव द्यायला नवऱ्याची सही लागते म्हणाले. तो कागद घेऊन आला, खाली बसला, माझ्या पायाशी. मी त्याला पहिला शब्दही बोलू दिला नाही.

“नाही,” मी म्हटलं. “चहा घेशीन?”

तो चहा न घेता गेला. मुलगा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. शेवटी भवनावर दुसऱ्या कोणाचं नाव लागलं, कोणाचं ते मी वर मान करून वाचलेलं नाही.

पण पाटी तयार होती. संगमरवरी, हातभर रुंद. काही दिवसांनी त्याच्या माणसांनी ती माझ्या ओट्याला टेकवून ठेवली, इसका और क्या करें म्हणाले. त्यावर तिचं नाव, आणि खाली ‘की अंतिम इच्छा के अनुसार’. कोरणाऱ्याने कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख टाकली होती. मी बोटांवर दिवस मोजले. ती गेल्याच्या चौथ्या दिवसाची निघाली. आमची तेरवी व्हायची होती, बायांना कोणी विचारलंही नव्हतं, आणि दगड कोरून तयार होता.

माइक, भोंगे, मशीन, सगळं काढून टाकलं. ती बॅटरीची पेटीही. आता कोणाच्या मौतीला गेलो तर मी चितेजवळ उभा राहतो, शेडमध्ये जात नाही.

दगड ठेवला आहे. फेकवत नाही, नाव तिचं आहे. उभाही करवत नाही, खालची ओळ खोटी आहे. छिन्नी घेऊन खालची ओळ काढायला बसलो होतो एकदा, पण नावाला लागेल म्हणून सोडून दिलं. म्हणून तो ओट्यावरच आहे, तोंड भिंतीकडे करून.